भरवसा आणि भाकरी



आपल्या बोलण्यात दोन म्हणी आहेत. कुणी हातपाय हलवत नसेल तर आपण म्हणतो, ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी.’ आणि कुणी कष्ट करून थकली, तरी पदरात काही पडलं नाही, की तिला सांगतो, ‘प्रयत्नांती परमेश्वर.’ पहिली म्हण आळशाला टोचते, दुसरी थकलेल्या बाईला पुन्हा कामाला लावते. पण जिनं पेरणी वेळेवर केली, निंदण केलं, खत दिलं आणि मग पाऊसच फिरकला नाही, तिला यातली कोणती म्हण लागू पडते?

वऱ्हाडातल्या बायांना हा प्रश्न नवा नाही. वावरातलं पीक गेलं, डोक्यावर कर्ज आहे, अशा घरात दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणतं, “देवावर भरवसा ठेव माय, होईल सगळं बरं.” दुसरं म्हणतं, “रडत काय बसली, स्वतःच्या पायावर उभी राहा.” दोघंही चहा पिऊन निघून जातात.

आज आम्ही हा प्रश्न ख्रिस्ती इतिहासातून पाहणार आहोत. देवावर किती टाकायचं आणि आपण किती करायचं, यावर ख्रिस्ती माणसांनी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या महाराष्ट्रात एका बाईनं तर त्या विचारावर हजारो मुलींचं घर चालवून दाखवलं. कुणी आपला धर्म सोडावा किंवा दुसऱ्याचा घ्यावा, यासाठी ही गोष्ट सांगत नाही. दुष्काळ आणि भूक जात-धर्म विचारून येत नाहीत, म्हणून सांगतो आहोत.

सुरुवात आपल्याच मातीपासून करू.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून तो आपल्याकडून जाऊ लागला. अमरावती आणि खामगावचे कापसाचे बाजार भरभराटीला आले. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली. हाती रोख पैसा आला, पण कापूस काही चुलीवर शिजत नाही. धान्य विकत घ्यायचं, तर भाव दुसऱ्याच्या हातात. १८९६-९७ साली देशात मोठा दुष्काळ पडला आणि १८९९ साली पावसानं पुन्हा दगा दिला. या दुसऱ्या दुष्काळात वऱ्हाड फार होरपळलं. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांत माणसं वाढायची, ती घटली. ज्यांनी हे भोगलं ते लोक आळशी नव्हते. त्यांचे हात चालत होते, आभाळ आणि बाजार त्यांच्या हातात नव्हते.

त्याआधीपासून आपल्याकडे काही ख्रिस्ती मिशनरी आले होते. १८७० च्या दशकात आल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन गृहस्थ अचलपूरला राहून मेळघाटच्या कोरकूंमध्ये काम करू लागले. पुढं अकोल्याला अलायन्स मिशनचं मुख्य ठाणं झालं. अशा मिशनांची एक वेगळी रीत होती. मोठ्या संस्थेकडून ठरलेला पगार घ्यायचा नाही. देव पुरवील त्यावर चालायचं. याला ते विश्वासावर चालणारं काम म्हणत. अचलपूरला नॉर्टन यांच्याकडे जेनी नावाची एक तरुण अमेरिकन बाई कामाला आली. लग्नानंतर ती जेनी फुलर झाली. तिनं हिंदुस्थानातल्या बायकांच्या दुःखांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १९०० साली छापलं गेलं. त्याची प्रस्तावना लिहिली होती पंडिता रमाबाईंनी. नॉर्टनही पुढं वऱ्हाड सोडून दौंडला गेले आणि रमाबाईंच्या केडगावपासून जवळच अनाथ मुलांचं काम करू लागले. अशी ही वाट आपल्या अचलपुरातून केडगावला जाते. आपणही त्याच वाटेनं जाऊ.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि आईनं रमाला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरे, पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही. मग दुष्काळ आला. घरात होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतांत गेलं. देव प्रसन्न होईल, काहीतरी मार्ग निघेल, अशी आशा होती. मजुरी करावी, तर अंगमेहनतीची सवय कुणालाच नाही आणि कुळाचा मान आड येई. १८७४ साली वडील गेले. पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती. ती आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं. तेव्हा वाळूत खड्डा करून त्यात झोपायचं आणि वर कोरडी वाळू ओढून घ्यायची, हे रमाबाईंनी पुढं स्वतः लिहून ठेवलं आहे.

या मुलीच्या मनात देवावरच्या भरवशाबद्दल कडू प्रश्न उभे राहिले नसते तरच नवल. आईवडिलांची श्रद्धा खोटी नव्हती, प्रामाणिक होती. पण हात बांधलेली श्रद्धा घर वाचवू शकली नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं.

१८७८ साली ही दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्या पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ साली पटकीनं नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा बाई, कडेवर तान्ही लेक, घेऊन पुण्याला आली. तिथं तिनं आर्य महिला समाज सुरू केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं मराठी पुस्तक लिहिलं. बाईनं शिकावं, दुसऱ्याच्या आधारावर पडून राहू नये, हा त्या पुस्तकाचा गाभा. पुस्तकाच्या पैशातून तिनं विलायतेच्या प्रवासाची सोय केली. बाईनं स्वतःच्या लेखणीच्या कमाईवर समुद्र ओलांडला. १८८३ सालची ही गोष्ट आहे.

विलायतेला वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या आणि सप्टेंबर १८८३ मध्ये मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. चर्च सांगेल ते मुकाट्यानं मान, असं तिथले लोक म्हणत. रमाबाई पत्रांतून त्यांच्याशी वाद घालत. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं आहे, आता दुसऱ्याचं घालून घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. देवावर विश्वास ठेवणं वेगळं आणि देवाच्या नावानं बोलणाऱ्या माणसांपुढं वाकणं वेगळं, हा भेद त्यांनी तेव्हाच ओळखला. आपल्या गटातल्या प्रत्येक बाईनं हा भेद पदराला गाठ मारून ठेवावा असा आहे.

१८८७ साली अमेरिकेत त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच्या शेवटी बायकांच्या तीन गरजा सांगितल्या आहेत. पहिली स्वावलंबन, दुसरी शिक्षण, तिसरी आपल्याच देशातल्या स्त्री-शिक्षिका. बघा, ख्रिस्ती झाल्यानंतर चार वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात पहिला शब्द स्वावलंबनाचा आहे.

त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. इथं शिकलेल्या पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या. त्याच पुढं धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

दहा वर्षांची मदत म्हणजे दहा वर्षांनी ती संपणार. आपल्याला शासनाच्या योजनेचा अनुभव आहे. योजना येते, फलक लागतो, मुदत संपते आणि यंत्र गंजत पडतं. रमाबाईंनी मुदत संपायची वाट पाहिली नाही. दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडं लावली. हिशेब सरळ होता. मदत थांबेल तोवर झाडं फळाला येतील आणि फळांच्या पैशावर सदन चालेल. वऱ्हाडातल्या संत्र्याच्या बागाइतदारणीला हे वेगळं सांगायला नको. झाड लावणं म्हणजे आजचा घाम आणि पुढच्या वर्षांवरचा भरवसा, दोन्ही एकाच खड्ड्यात पुरायचं.

पण झाडं मोठी व्हायच्या आत दुष्काळ आला. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातली उपासमार रमाबाईंच्या कानावर आली. सोळाव्या वर्षी पाहिलेली भूक त्यांना आठवली असणार. त्या स्वतः तिकडं गेल्या. दुष्काळी कामांवर, झाडांखाली, धर्मशाळांत अनाथ मुली पडल्या होत्या आणि मुली पळवणारे दलालही फिरत होते. रमाबाई मुलींना घेऊन परतल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे मुली आणि बायका झाल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ सुरू होती. शहरात एवढी नवी माणसं ठेवायला परवानगी मिळेना. मग त्यांना केडगावच्या त्या जमिनीवर नेलं. फळबागेसाठी घेतलेल्या रानात राहुट्या पडल्या. स्वावलंबनासाठी केलेली तयारी अशी भलत्याच कामी आली. त्या वस्तीला नाव मिळालं ‘मुक्ती’.

१८९८ साली अमेरिकेची दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई तिकडं जाऊन आल्या. शारदा सदनाची मदत पुढं चालू राहिली, पण मुक्तीसाठी ठरलेल्या रकमेची हमी कुणाचीच नव्हती. इथं त्यांनी देवावर टाकायचं ठरवलं. त्यांच्यासमोर उदाहरण होतं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या जॉर्ज म्युलर यांचं. म्युलर यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि कुणापुढं हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचं, असं व्रत पाळलं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हेच म्युलर दरवर्षी आलेल्या पैशाचा हिशेब छापून प्रसिद्ध करत. देवावर भरवसा आहे म्हणून वही ठेवायची गरज नाही, असं त्यांना कधी वाटलं नाही.

रमाबाईंच्या मुक्तीतही तसंच. १९०० साली गुजरात-राजस्थानात छप्पनचा दुष्काळ होता, तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडं आणि ठरलेलं उत्पन्न नाही. दोन पायल्या जास्त दळायच्या तर आपण कुरकुरतो, तिथं रोज काय लागत असेल याचा अंदाज करा. तिथं प्रार्थना रोज होई. पण प्रार्थना करून कुणी खाटल्यावर बसत नव्हतं. मुली शेत करत, गाईम्हशी सांभाळत, माग चालवत, तेल गाळत, शिवणकाम करत. छापखाना होता, त्यात मुली टाइप जुळवत, छापत आणि पुस्तकं बांधत. आंधळ्या मुलींसाठी वेगळं घर होतं. मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकवू लागली. फसवल्या गेलेल्या, गावानं टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ होतं. विहिरी, धान्याची कोठारं, शाळा, दवाखाना, सगळं एका आवारात.

त्या काळात मराठीत बायबल होतंच, पण खेड्यातल्या साध्या बाईला ते समजत नाही, असं रमाबाईंना वाटे. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सोप्या मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. १९२१ साली लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. १९२४ साली त्यांचं बायबल छापून पूर्ण झालं, तेही मुक्तीच्या छापखान्यात, दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातांनी. ज्यांना कुणी अक्षर दाखवलं नसतं, त्या मुलींनी ग्रंथ छापला.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ती नुसती आरती होईल.

पहिलं म्हणजे, रमाबाईंवर टीका झाली आणि ती जोरात झाली. १८९३ साली शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो म्हणून पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सुधारकसुद्धा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेलेल्या मुलीला आसरा देणारीचाच धर्म ती उचलते, तेव्हा ती निवड किती मोकळी असते, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. तो रास्त आहे. त्याबरोबर दुसरा प्रश्नही रास्त आहे. त्या मुली झाडाखाली मरत होत्या तेव्हा टीका करणाऱ्यांपैकी किती जण राहुट्या घेऊन तिकडं गेले होते?

दुसरं, देव पुरवतो म्हणत असले तरी पैसा माणसांकडूनच येत होता. विलायत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या साध्या माणसांनी तो पाठवला. मुक्तीची बातमी त्यांना कळावी म्हणून ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचं इंग्रजी पत्रक निघे. मग हे मागणं झालं की नाही? आम्हाला वाटतं, यात लपवण्यासारखं काही नाही. जिचा देवावर विश्वास आहे ती म्हणेल, देव माणसांच्या हातूनच देतो. जिचा नाही ती म्हणेल, माणसांनीच दिलं. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट सारखीच राहते. मुक्ती एकट्या रमाबाईंच्या बळावर उभी नव्हती. स्वावलंबन म्हणजे एकटीनं सगळं करणं, असं तिथं कधीच नव्हतं.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. रमाबाईंच्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी कवी होऊन गेले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. त्याआधी काही वर्षं ते आपल्या विदर्भात, नागपुरात होते. मोठा माणूस, देवावर पक्का भरवसा, हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा मोकळा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या संसाराची हकीकत हसत हसत सांगितली आहे. पण वाचताना आपल्याला कळतं की त्या हसण्याखाली रिकामे डबे आहेत. नवऱ्यानं देवावर टाकलं, की उद्याच्या भाकरीचं बायकोवर पडतं. लक्ष्मीबाईही पुढं १९०० साली ख्रिस्ती झाल्या, स्वतःच्या विचारानं झाल्या, आणि अनाथ मुलांना त्यांनी घरात घेतलं. त्यांचा विश्वास नवऱ्यापेक्षा कमी नव्हता. फक्त त्यांच्या विश्वासाला चूल पेटवावी लागत होती.

रमाबाईंच्या आईची गोष्टही आठवा. अनंतशास्त्र्यांच्या दानधर्माची किंमत लक्ष्मीबाई डोंगरे यांनी आपल्या जिवानं भरली. म्हणून घरात कुणी मोठ्यानं म्हणालं की “देव बघून घेईल,” तर त्या देवाच्या वाटचं काम घरातल्या कुणाच्या अंगावर पडतंय, हे जरूर पाहावं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावोगाव हेच सांगत फिरले. कर्ज काढून सण करू नका, देवाच्या नावानं खर्च करू नका, लेकरं शिकवा. कीर्तनाच्या आधी बाबा हातात खराटा घेत.

आता ख्रिस्ती धर्मग्रंथातली एक जुनी गोष्ट, आमच्या शब्दांत. रमाबाईंनी सोप्या मराठीत आणलेल्या बायबलमध्येच ती आहे, जुन्या करारात, अलीशा नावाच्या संदेष्ट्याच्या काळातली. एक विधवा होती. नवरा देवभक्त, पण कर्ज मागं ठेवून मेला. सावकार दाराशी आला आणि म्हणाला, पैसे नाहीत तर दोन्ही पोरं गुलाम म्हणून घेऊन जातो. ती अलीशाकडे धावली. त्यानं तिला उपदेश केला नाही. आधी विचारलं, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणाली, काहीच नाही, एका भांड्यात थोडं तेल आहे. तो म्हणाला, जा, शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी नको, पुष्कळ आण. मग दार लावून त्यांत तेल ओत. ती ओतत गेली, पोरं भांडी पुढं करत गेली. भांडी संपली तेव्हा तेल थांबलं. त्यानं सांगितलं, आता तेल विक, कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू नि पोरं जगा.

ही गोष्ट वाचताना आम्हाला आपला बचत गट दिसतो. चमत्कार कुणी मानो वा न मानो, गोष्टीतली कामाची वाटणी पाहा. तेल वाढवणं बाईच्या हातात नव्हतं, ते देवाकडे. पण घरात काय आहे ते सांगणं, भांडी मागायला दारोदार जायची लाज सोडणं, तेल ओतणं, विकणं, हिशेब करणं हे सगळं तिच्याकडे. आणि शेजारणींकडे एकच काम होतं, आपली भांडी द्यायची. तेल तेवढंच झालं जेवढी भांडी होती. शेजारणींनी दारं लावून घेतली असती, तर चमत्कारालाही जागा उरली नसती.

म्हणून आम्हाला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. ‘देवावर भरवसा ठेव’ आणि ‘स्वतःच्या पायावर उभी राहा’ ही वाक्यं एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. पण सांगणारा निघून गेला तर दोन्ही सारखीच पोकळ होतात. संकटातल्या बाईला देवाच्या हवाली करून निघून जाता येतं आणि तिच्या स्वतःच्या हवाली करूनही निघून जाता येतं. रमाबाई निघून गेल्या नाहीत. त्यांनी मुलींना भरवसा सांगितला तो त्यांना केडगावला आणून, खायला घालून. स्वावलंबन सांगितलं ते हातात माग आणि छापखान्याचे टाइप देऊन. स्वतःपुरता भरवसा ठेवायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरीला सांगायचा असेल, तर आधी आपलं भांडं घेऊन तिच्या दाराशी जावं लागतं.

येत्या बैठकीत वह्या उघडण्याआधी थोडा वेळ यावर बोला. आपल्या गटातल्या कुणाच्या दाराशी आज सावकार किंवा वसुलीवाला उभा आहे? तिच्या घरात काय आहे, कोणती कला, किती जमीन, कोणतं जनावर? गटातून तिला काय देता येईल: कमी व्याजाचा पैसा, वेचणीच्या दिवसांत दोन हात, बँकेत सोबत, की रात्री घरी जाऊन बसणं? आणि ज्या बाईनं सगळं करूनही आभाळानं दगा दिला, तिला ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं आपल्यातली कुणी म्हणत तर नाही ना?

बोलणं झालं की वही उघडा. हिशेब नेहमीसारखा चोख ठेवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.